आमादोचं ताट

सलग तिसऱ्या पहाटे नानांग रोसेंदाच्या स्वप्नात आली, आणि याही खेपेला तिनं खायला काही मागितलं नाही.

मेलेलं माणूस स्वप्नात आलं म्हणजे ते भुकेलं आहे, हे बुनेग गावात शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं. उठायचं, चिकट भाताच्या वड्या करायच्या, उकडलेलं अंडं, पान-सुपारी, चिमूटभर तंबाखू आणि घोटभर उसाची दारू असं ताट मेरीच्या मूर्तीपाशी मांडायचं, की दोन्हीकडची माणसं निवांत झोपतात. आईच्या नावानं रोसेंदानं अशी कितीतरी ताटं मांडली होती. पण ही आई भुकेली नव्हती. परकर जरा वर खोचून ती गुडघाभर पाण्यात उभी होती. मागचा समुद्र दुधासारखा पांढरा आणि गप्प होता. हरवलेल्या कोंबडीची चौकशी करावी तशा आवाजात तिनं विचारलं, "सेंदा, आमादो कुठंय गं? पाच वर्षं झाली मला इथं येऊन. सगळ्यांना विचारून झालं. इथं त्याला कुणी बघितलेलंच नाही."

जाग आली तरी रोसेंदा चटईवर तशीच पडून राहिली. पायाच्या घोट्यांना गार पाणी लागल्याचा भास अजून जात नव्हता.

आमादो कुठं आहे ते तिला माहीत होतं. तो सान दिएगोला दोन खोल्यांच्या घरात राहत होता. अंगणातल्या लिंबाच्या झाडाला रोज पाणी घालायचा. त्याचे गुडघे दुखत होते आणि जानेवारीत त्याच्या डोळ्यातला मोतीबिंदू काढला होता. या घराण्यात हे एकट्या रोसेंदाला ठाऊक होतं. बाकी सगळ्यांच्या लेखी तिचा हा धाकटा भाऊ तीस वर्षांपूर्वी मेला होता.

त्या दिवशी नानांगचा पाचवा स्मृतिदिन होता, आणि जमिनीच्या कागदावर सह्याही त्याच दिवशी व्हायच्या होत्या. प्रिमितिवोनं मुद्दामच तसं जुळवून आणलं होतं. आईच्या फोटोसमोर कुणी भांडणार नाही, असा त्याचा हिशेब. थोरल्या भावाचे हिशेब बहुतेक वेळा बरोबर यायचे, म्हणूनच तर तो चौथ्यांदा गावाचा कप्तान म्हणून निवडून आला होता.

एप्रिलचं ऊन अकरा वाजताच असं पसरलं होतं, की नारळीची झाडंसुद्धा झोपेत चालल्यासारखी हलत होती. समुद्रावर, जिथं आकाश सुरू होतं तिथं, दोन करडी जहाजं चार दिवसांपासून उभी होती. ती तरंगत होती की टांगलेली होती, कळत नव्हतं. मधूनच धावपट्टीकडून एखादं विमान उठायचं, त्याचा आवाज छपरावरून जायचा, आणि मग रोसेंदाच्या आवारातल्या चाळीस रांजणांवरची झाकणं बारीक थरथरायची. रांजण वाळूत अर्धे पुरलेले होते. तीन भाग मासे, एक भाग मीठ, आणि वरून वर्षभर धीर, एवढ्यावर मुरवलेल्या माशांचा तिचा धंदा चालला होता. मुरत घातलेला रांजण मधेच हलवला की आतलं सगळं नासतं. म्हणून ती गेल्या चाळीस वर्षांत या आवारातून चार दिवसही कुठं गेली नव्हती.

हे आवार, हे घर, आणि मागची धावपट्टीला लागलेली सगळी जमीन आता एका कंपनीला हवी होती. नव्या सरकारनं अमेरिकनांना परत बोलावलं होतं, त्यांच्या विमानांना तेल लागणार होतं, आणि तेलाच्या टाक्यांना जागा.

"सेंदा! ए सेंदा! वकील साहेबांना पंखा लाव!"

प्रिमितिवो आला तो एवढ्या उन्हात जाड जाकीट घालून. खांद्यावर गरुड शिवलेला. कुणा सार्जंटनं भेट दिलेलं होतं म्हणे.

"मानोंग, उकडून मरशील," रोसेंदा थोरल्या भावाला म्हणाली. "आणि ते चिनी कंपनीचं पिवळं जाकीट कुठं गेलं?"

"पावसाळ्यात घालतो ते."

"आणि त्या कंपनीचा मिस्टर को? परवापर्यंत धर्मभाऊ होता तुझा. नातवाच्या बाप्तिस्म्याला त्याला धर्मपिता केलंस, पादरीबाबांच्या शेजारी खुर्ची दिलीस."

"होताच की धर्मभाऊ. माणूस चांगला होता. सरकार बदललं, तो गेला. त्यात माझी काय चूक?" प्रिमितिवोनं कपाळ पुसलं. "सरकार बदललं की गावानं बदलायचं नाही? मी गावाचा कप्तान आहे, खांब नाही."

"आता या सार्जंटला कुठल्या नातवाचा धर्मपिता करणारेस?"

"सुनेला दिवस गेलेत," प्रिमितिवो अगदी गंभीरपणे म्हणाला.

बालिगात नावाचा तो वकील खोकला. हा किडकिडीत माणूस, काखेत शिक्क्याची पेटी घेऊन आलेला, पण त्याचं सगळं लक्ष शेवयांच्या परातीकडे होतं. रोसेंदाला हसू आलं आणि रागही आला. या थोरल्या भावावर पुरतं रागावणं तिला आयुष्यात कधी जमलं नव्हतं.

तिची सगळी भिस्त धाकट्या बहिणीवर होती. जाताना नानांग सांगून गेली होती, जमिनीचं तिघांपैकी दोघं म्हणतील तसं करा, पण एकमेकांना कोर्टात खेचू नका. प्रिमितिवो होकाराचा, रोसेंदा नकाराची, आणि पुरिता रोसेंदाच्या बाजूची. पुरिता तुगेगारावला शाळेत शिकवायची. तिची एकुलती एक जोनालिन समुद्रापलीकडे तैवानला, काओशुंगच्या कारखान्यात होती. "इथून विमानं उडाली तर तिकडची क्षेपणास्त्रं माझ्या पोरीच्या डोक्यावरूनच येणार ना गं मानांग?" असं ती नाताळात रडून म्हणाली होती. गेले चार महिने रोसेंदा त्या रडण्यावर विसंबून होती.

पण आज पुरिता प्रिमितिवोच्याच गाडीतून उतरली होती. आल्यापासून ती मोठ्या बहिणीच्या नजरेला नजर देत नव्हती. विनाकारण पेले विसळत होती.

"पुरिंग," रोसेंदानं तिला चुलीपाशी गाठलं, "काय झालंय?"

"काही नाही गं."

"माझ्याकडे बघ."

पुरितानं पाहिलं, आणि तिचे डोळे भरून आले. "मानांग, तू माझी शप्पथ, चिडू नकोस. मानोंगनं शब्द दिलाय मला. उद्या तिकडे काही पेटलंच, तर आपल्या माणसांना आणायला जहाजं इथूनच जाणार. ज्यांनी जागा दिली त्यांची पोरं पहिल्या फेरीला. जोनीचं नाव यादीत वरती घालायचं कबूल केलंय त्यानं."

"मानोंगनं कबूल केलंय? जहाजं मानोंगची आहेत का?"

"नाहीत, माहितीये मला," पुरिता हुंदका गिळत म्हणाली. "पण दुसरं कुणी मला कसला शब्दच देत नाहीये. तू देतेस?"

रोसेंदानं बहिणीच्या हातातला पेला घेतला आणि पुसत राहिली. तिला एकदम फार एकटं वाटलं. तिघांपैकी दोघं झाले होते.

तेवढ्यात पुरितानंच विषय बदलायला म्हणून ताटं मांडायला घेतली. एक तातांगचं, म्हणजे वडिलांचं, एक नानांगचं, आणि त्यांच्या शेजारी तिसरं, जरा लहान, निळ्या काठाचं. त्यात तिनं अंड्याचा मोठा तुकडा ठेवला. "आमादो मानोंगला अंडं फार आवडायचं," ती म्हणाली. तो गेला तेव्हा ती अकरा वर्षांची होती, आणि त्याच्याविषयी तिला एवढंच धड आठवत होतं.

त्या निळ्या काठाच्या ताटाकडे पाहताना रोसेंदाला नेहमी व्हायचं तेच झालं. दुपार पातळ झाली, आणि तिच्या आड दुसरी, जुनी दुपार दिसायला लागली.

आमादो सुबिकच्या अमेरिकन आरमारी तळावर खानसामा होता. अमेरिकनांनी इथून जावं म्हणून तातांग पादरीबाबांबरोबर मोर्च्यात चालायचा, आणि त्याचाच मुलगा त्यांच्या बटाट्यांची सालं काढायचा. एक्याण्णवच्या सप्टेंबरात मनिलात संसदेत मत पडलं, तळ बंद ठरला. पुढच्या वर्षी शेवटची जहाजं निघाली तेव्हा आमादो त्यांच्याबरोबर जातो म्हणाला. "ती जहाजं तरी धर, नाहीतर हे घर तरी," तातांग याच अंगणात ओरडला होता. आमादोनं जहाजं धरली. वर्षभर त्याचं पत्र नाही, निरोप नाही. मग एका पहाटे नानांगला स्वप्न पडलं. आमादो दारात उभा होता, नखशिखांत ओला, आणि म्हणत होता, आई, भूक लागली.

बस, एवढंच. कुणी तार केली नाही, कुणी प्रेत पाहिलं नाही. पण दारात ओला उभा राहून जेवण मागणारा मुलगा म्हणजे बुडालेला मुलगा, यावर गावात कुणाचंच दुमत झालं नाही. त्याच दिवशी ताट मांडलं गेलं. नऊ दिवस प्रार्थना झाली. सगळ्यांनी वर्षभर काळं घातलं, आणि वर्ष संपल्यावर सुतक फेडायला समुद्रावर जाऊन भाताच्या पेंढ्याच्या राखेचं पाणी करून एकमेकांचे केस धुतले. तातांगनं त्या दिवशी पहिल्यांदा मुलाचं नाव घेतलं. पाण्यात बसून तो लहान मुलासारखा रडला आणि म्हणाला, पोरा, मी तुला माफ केलं.

आणि दोन वर्षांनी, बाजारातल्या तिच्या गाळ्यावर, पोस्टमननं रोसेंदाच्या हातात एक कार्ड ठेवलं होतं. त्यावर एका पुलाचं चित्र होतं. मागे लिहिलं होतं: मी बरा आहे. तातांगचा राग उतरला का?

ती धावत घरी गेली होती. नानांग अंगणात बसून माशांची खवलं काढत होती आणि गुणगुणत होती, कित्येक वर्षांनी. जिवंत मुलाला तातांग पुन्हा घराबाहेर काढील, मेलेल्याला मात्र त्यानं जवळ घेतलंय, असं रोसेंदाच्या मनात आलं. उद्या सांगू, असं ती म्हणाली. तो उद्या सत्तावीस वर्षं लांबला. आमादो विचारायचा, येऊ का? ती लिहायची, तातांग अजून रागात आहे. तातांग गेला. मग ती लिहू लागली, नानांगचं हृदय नाजूक आहे, तिला धक्का सोसणार नाही. नानांगही गेली, तरी 'आता ये' असं तिनं लिहिलं नाही. जाताना नानांग रोसेंदाचा हात धरून हसली होती. "आता आमादो भेटेल," म्हणाली होती.

"मानांग! वकील साहेब वाचतायत," पुरितानं हाक मारली.

जेवणं उरकली होती. बालिगातनं तोंड पुसून चष्मा लावला आणि सुस्त आवाजात वाचायला सुरुवात केली. पंखा त्याच्याबरोबर मान हलवत होता. "...वारस प्रिमितिवो, वारस रोसेंदा, वारस पुरिता. आणि मुलगा आमादो, सन एकोणीसशे त्र्याण्णव साली मयत, अविवाहित, मागे कुणी वारस नाही..."

"थांबा," रोसेंदा म्हणाली.

"आता काय?" प्रिमितिवोनं उसासा सोडला. "सेंदा, ऐक माझं. तुझे रांजण मी माझ्या मागच्या अंगणात नेऊन पुरीन. ट्रक सांगितलाय. एकाही रांजणाला तडा जाऊ देणार नाही."

"तडा जाण्याचा प्रश्न नाही, हलले की नासतात. तुला माहितीये."

"मग नवे घालू! मासे संपलेत का समुद्रातले? नानांगचा शब्द होता, दोघं म्हणतील तसं. पुरिंग माझ्याकडे आहे. पुरिंग, सांग तिला."

पुरिता मान खाली घालून म्हणाली, "हो. मी मानोंगकडे."

बालिगातनं पेन पुढे केलं. रोसेंदानं ते हातात घेतलं. सही केली की चाळीस रांजण जाणार, घर जाणार, ही वाळू जाणार. आणि त्याचबरोबर आमादो सरकारी शिक्क्यानिशी मरणार. नाही केली, तर कारण सांगावं लागणार, आणि मग तिचं स्वतःचं काय उरणार? सगळ्या गावात जिला देवमाणूस म्हणतात, आईबापांचं शेवटपर्यंत जिनं केलं, तिनंच आईला मुलापासून तोडलं, हे ही दोघं ऐकणार. घोट्यांना पुन्हा गार पाणी लागलं. वर विमान गेलं. ते पुरतं जाईपर्यंत ती थांबली, कारण तिला एकदाच बोलायचं होतं.

"आमादो जिवंत आहे."

प्रिमितिवो हसला. "ऊन लागलंय हिला."

"सान दिएगोला आहे. मला त्याचं कार्ड शहाण्णव साली आलं. नंतर पत्रं. आता फोन येतो, वर्षातून दोनदा. मी कुणाला सांगितलं नाही."

बालिगातनं हळूच शिक्क्याच्या पेटीचं झाकण लावलं. "वारस हयात असेल तर हा कागद रद्दच समजा," तो पुटपुटला, पण त्याच्याकडे कुणाचं लक्ष नव्हतं.

"शहाण्णव," प्रिमितिवो म्हणाला. त्यानं जाकीट काढलं, खुर्चीवर टाकलं. आत तो घामानं चिंब होता, आणि अचानक फार म्हातारा दिसत होता. "म्हणजे तातांग होता. नानांग होती. सेंदा, मी त्याच्या नावानं चर्चमध्ये मिस्सा लावलीय दरवर्षी. माझ्या पोराचं नाव आमादो ठेवलंय मी!"

"माहितीये."

"माहितीये म्हणे! तू बाप्तिस्म्याला उभी होतीस की त्याच्या! मेणबत्ती धरून!"

"धरली होती."

पुरिता काहीतरी जोडून बघत असल्यासारखी हळू बोलली. "नानांग म्हणाली होती, आमादो भेटेल. मानांग, मग ती... ती तिकडे त्याला शोधत असेल."

"शोधतेय," रोसेंदा म्हणाली. "तीन दिवस झाले. मलाच विचारतेय." आणि मग ती रडली. तीस वर्षांत ती एवढी मोकळी रडली नव्हती. दोघांपैकी कुणीही उठून तिच्याजवळ आलं नाही, आणि ते बरोबरच होतं असं तिला रडतानाही वाटलं.

"फोन लाव," प्रिमितिवो म्हणाला. "आत्ता. माझ्यासमोर."

तिनं नंबर लावून फोन टेबलावर ठेवला, सगळ्यांना ऐकू जाईल असा. तिकडे अजून कालचाच दिवस चालू होता. बऱ्याच वेळानं एक घोगरा आवाज आला. "सेंदा? कोण गेलं?"

प्रिमितिवोनं फोन जवळ ओढला. "कुणी नाही गेलं रे. मी आहे. तिवो."

पलीकडून आमादो सावकाश म्हणाला, "मानोंग? माझ्याशी बोलायची तुला परवानगी मिळाली?"

"कसली परवानगी? आम्ही तुझं... आमादो, आम्हाला तू मेलास असं वाटत होतं. त्र्याण्णवपासून. आईला स्वप्न पडलं होतं. काळे कपडे घातले, केस धुतले, सगळं केलं तुझं. ताट मांडतो तुझं आम्ही. आजही मांडलंय."

"मेलो?" आमादोनं विचारलं. "मला वाटायचं, तुम्हाला मी नकोय. सेंदा लिहायची, अजून नको येऊस. अजून नको. एकदा तर तिकीट काढून परत केलं मी." त्याचा श्वास ऐकू येत होता. "मानोंग, मी मेलो तेव्हा तू रडलास?"

हा प्रश्न कुणालाच अपेक्षित नव्हता. दोन सरकारं, दोन कंपन्या आणि चार निवडणुका पचवलेला कप्तान तळहातानं तोंड झाकून बसला. "तीन दिवस," तो बोटांआडून म्हणाला. "होडीत जाऊन रडायचो. तातांगला दिसू नये म्हणून."

"आणि सेंदा? ती रडली?"

पुरितानं बहिणीकडे पाहिलं. आता खोटं बोलायचं काही कारणच उरलं नव्हतं.

"पहिल्यांदा खरी रडले," रोसेंदा फोनकडे वाकून म्हणाली. "कार्ड आल्यावर, दरवर्षी, रडावं लागायचं म्हणून रडले."

खोलीतला पंखा एकदा इकडे, एकदा तिकडे वळला. मग आमादो बोलला, आणि त्याचा आवाज तिला परक्याचा वाटला. "जमिनीचं काहीतरी असणार. नाहीतर तू आज तोंड उघडलंच नसतंस. हो ना?"

"हो," ती म्हणाली. "अमेरिकनांना हवीये. तेलाच्या टाक्यांसाठी. तिवोला द्यायचीये, मला नाही."

"मी वीस वर्षं त्यांच्याच जहाजावर काढली, सेंदा. त्यांचंच निवृत्तिवेतन खातो. मी तुझ्या बाजूचा असेन असं कशावरून धरलंस?"

प्रिमितिवोनं मान वर केली. रोसेंदाला दिसलं, त्याच्या ओल्या डोळ्यांत क्षणभर जुना हिशेब चमकून गेला. पण त्यानं मान पुन्हा खाली घातली.

"नाही धरलं," ती म्हणाली.

"मी येईन. आईच्या मातीवर यायचंय मला. पण तुझ्या घरात उतरणार नाही. तुझ्या हातचं खाणार नाही. आणि सही कुणाच्या बाजूनं करायची ते मी तिथं येऊन ठरवीन."

रोसेंदानं दाराबाहेर पाहिलं. रांजणांच्या झाकणांवर ऊन साचलं होतं, त्यांच्यापलीकडे ती दोन जहाजं तशीच टांगलेली होती. यातलं काय राहील आणि काय जाईल, हे आता तिच्या हातात नव्हतं, आणि आश्चर्य म्हणजे तिला त्याची भीती वाटेनाशी झाली.

"कुणाच्याही घरी उतर," ती म्हणाली. "कुणाच्याही बाजूनं सही कर. पण ये."

पलीकडून उत्तर आलं नाही. पण फोन ठेवल्याचा आवाजही आला नाही, आणि तिघंही टेबलाशी आपापल्या जागी बसून राहिली.